सदतीस नंबरची फीत

अमरावती,
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामीस,
शेखरचा साष्टांग नमस्कार.

मेटॅडोर काल दुपारी पोचली. एकही रेकॉर्ड फुटली नाही. तुमच्या कुलदीपने प्रत्येक खोक्यात कापूस ठासून भरला होता. उघडता उघडता माझ्या बैठकीची जिनिंग फॅक्टरी झाली. निघताना तुम्ही म्हणालात, फोनवर काही सांगू नको, कुलदीप स्पीकर लावतो अन् सगळं घर ऐकते. म्हणून हे पत्र.

मोजणी मामांच्या वहीशी जुळली. रेकॉर्डी दोन हजार एकशे बारा, कॅसेट सहाशेच्या वर, स्पूलच्या फिती अठ्ठ्याऐंशी. मामांनी सगळं आणलं त्या क्रमाने लावलं होतं. ते होते तोवर त्यांना ते पाठ होतं, पण परक्या माणसाला त्यात काही सापडायचं नाही. तीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय सांभाळल्यावर मला ते बघवत नाही. मी रागांच्या वेळेप्रमाणे मांडायचं ठरवलं आहे. खालच्या दोन खोल्यांत भिंतीला लागून आठ कपाटं, एकेका प्रहराचं एकेक. पूर्वेच्या खिडकीशी पहाटेचे राग. तिथून माणूस चालत निघाला की दिवस पुढे सरकत जाईल. अडचण एवढीच की एका बाजूला तोडी आणि दुसऱ्या बाजूला मारवा असलेली रेकॉर्ड कुठे ठेवायची? अशा एकशे चाळीस सध्या पलंगावर आहेत आणि मी सतरंजीवर.

उद्घाटन १९ जानेवारीला, रविवारी. कुलदीपने मामांच्या नावाने 'किसनराव संगीत संग्रह' अशी पाटी करायला टाकली आहे. मधोमध काचेची पेटी राहील आणि तिच्यात फक्त एक वस्तू: सदतीस नंबरची फीत. डब्बीवर मामांच्या अक्षरात लिहिलं आहे, 'मुलतानी. जमुनाबाई खंडवेकर. अकोला, डिसेंबर १९७२.' त्या बाईंचा जगात दुसरा आवाज उरलेला नाही, हे मामा किती अभिमानाने सांगत. उद्घाटनाच्या दिवशी ती फीत सगळ्यांना ऐकवणार आहे.

तुम्ही चार दिवस आधीच या.

आपला,
शेखर

-

अकोला,
१२ नोव्हेंबर

चि. शेखर यास अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. रेकॉर्डी धुवाच्या असतीन तं रिठ्याच्या पाण्यानं धुजो, साबण लावजो नोको. उभ्या ठेवजो, एकावर एक रचजो नोको, वाकड्या होतात. अकोल्याच्या उन्हाळ्यात मी त्या पन्नास वर्षं सांभाळल्या. कुलर आमच्या निजाच्या खोलीत नव्हता, रेकॉर्डायच्या खोलीत होता, हे तुले माहीत हाय.

त्यायनं लावलेलं तू मोडून राहिला. मोड. मले त्याचं काही वाटत नाई.

एक काम कर. सदतीस नंबरची फीत मले परत पाठवून दे. ती खराब झाली हाय, यंत्रावर चढवली तं तुटीन. पेटीत दुसरं काही ठेव. मोठ्या मोठ्या लोकायच्या रेकॉर्डी हायेत. कुलदीपले सांगू नोको, तो उगीच विचारत बसते. कुरिअरनं माह्या नावावर पाठव.

तुही मामी,
माणिक

-

अमरावती,
१८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मामीस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मामी, फीत खराब नाही. मी डब्बी उघडून पाहिली. बाकीच्या काही फितींना आंबूस वास मारतो, बुरशीही आहे. ही मात्र कालच गुंडाळल्यासारखी स्वच्छ आहे. मामांनी हिला सगळ्यांत जास्त जपलं.

मी लहान नाही, तेव्हा स्पष्ट लिहितो. जमुनाबाई कार्यक्रमाला अकोल्याला आल्या आणि तुमच्या घरी नऊ दिवस राहिल्या, हे माझ्या आईने मला सांगितलं होतं. तुमचं लग्न होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. पुढे मामा जन्मभर त्या आवाजाबद्दल बोलत राहिले. तुमच्या मनात त्या बाईंविषयी काही राहिलं असेल तर ते मला समजतं. पण आता मामाही नाहीत आणि त्याही नाहीत. एका गुणी बाईचा एकुलता आवाज आपल्या मनातल्या जुन्या गोष्टीपायी लपवून ठेवणं बरं दिसेल का?

रागावू नका.

शेखर

-

अकोला,
२४ नोव्हेंबर

शेखर,

तुहं डोकं ठिकाणावर हाय काय? इतली पुस्तकं वाचून हेच सुचलं तुले?

ती बाई आली अन् दुसऱ्याच दिवशी तिले एकशे तीन ताप भरला. नऊ दिवस ती आमच्या मधल्या खोलीत पडून होती. मी तिले पेज पाजली, मी तिचे पाय चेपले. तुहा मामा दारातून 'कसं वाटते बाई' विचारायचा अन् दारातूनच वापस जायचा. त्या बाईबद्दल माह्या मनात काय हाय ते तुले समजणार नाई, अन् मी सांगणारबी नाई. पण पुन्हा असं वाकडं लिहिलं तं पत्र फाडून टाकीन.

कारण विचारू नोको. वस्तू माह्या घरातली हाय, मी परत मागून राहिली. फीत पाठव. नाई पाठवली तं मी कुलदीपले सांगून तुहं उद्घाटनच थांबवतो का नाई पाय.

माणिक

-

अमरावती,
९ डिसेंबर

तीर्थस्वरूप मामीस,

मागच्या पत्रात मी जे सुचवलं त्याची मला लाज वाटते. माफी मागतो.

फीत पाठवलेली नाही. पाठवणारच होतो. पण देण्याआधी तिची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवावी, म्हणजे प्रवासात काही झालं तरी आवाज राहील, असं ठरवलं. शनिवारी दुपारी ती यंत्रावर चढवली.

तुम्हाला आठवत असेल, मामा ही फीत दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत. गाणं संपलं की स्वतः उठून बटण दाबत. तान खाली येऊन सा वर थांबली की लगेच 'खट'. मी लहानपणापासून तेवढंच ऐकलं आहे. शनिवारी मी बटण दाबलं नाही. फीत चालू राहिली. थोडा वेळ नुसती खरखर. मग भांड्याचा आवाज, आणि बाईचा आवाज, गाणाऱ्या बाईचाच, त्याच दमाचा, त्याच जागेवरून: 'करा आता बंद. दूध उतू जाऊन राहिलं. मामाजी येतीन.'

मामाजी म्हणजे सासरे. त्या घरात सासऱ्याला मामाजी म्हणणारी एकच बाई होती.

मी फीत मागे नेऊन ते पुन्हा ऐकलं. किती वेळा ते सांगत नाही. मग यंत्राच्या खणात त्याचं वॉरंटी कार्ड सापडलं. त्यावर तारीख एप्रिल १९७३ आहे. फितीवर डिसेंबर १९७२ लिहिलं आहे. यंत्र घरात आलं नव्हतं त्या महिन्यात त्या घरात कोणाचं गाणं उतरवलं जाईल?

मामी, त्या दिवशी घरात कोण होतं?

मी हे कोणालाही सांगितलेलं नाही.

शेखर

-

अमरावती,
२८ डिसेंबर

तीर्थस्वरूप मामीस,

एकोणीस दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. कुलदीपला फोन केला तर म्हणाला, 'आई बरी आहे, पण दोन घास खाते अन् उठते. तू तिले काय लिहिलं बे?' मी पाटीचा विषय काढला.

आज मात्र लिहिणं भाग आहे. बुऱ्हाणपूरहून एक पत्र आलं आहे. लिहिणारीचं नाव पौर्णिमा. जमुनाबाईंच्या मुलीची मुलगी. तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. कुलदीपने निमंत्रण मोबाईलवर पाठवलं, ते कोणाकोणाच्या हातून फिरत तिच्यापर्यंत गेलं. ती काय लिहिते ते तसंच उतरवतो:

'आजीचे दोन फोटो आमच्याकडे आहेत. चिजांची वही होती, ती पुरात गेली. तिचा आवाज कसा होता हे मला आईने फक्त शब्दांत सांगितलं. आई गेल्या वर्षी गेली. आजीचा आवाज कुठेतरी आहे हे तिला कळलं असतं तर ती चालत आली असती. मी १९ तारखेला येते. मला पहिल्या रांगेत जागा नको, मागे बसेन. फक्त फीत लावण्याआधी मला सांगा, म्हणजे मी मनाची तयारी करीन.'

मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही. काय लिहू? तुम्ही सांगाल ते लिहीन.

शेखर

-

अकोला,
२ जानेवारी २०२५

चि. शेखर यास आशीर्वाद.

तुह्या नऊ तारखेच्या पत्राले मी उत्तर देणार नव्हती. फीत मागवून चुलीत घालणार होती, हे खरं सांगतो. पण त्या पोरीचं पत्र तू उतरवून पाठवलं अन् माहं काही चाललं नाई.

आता नीट वाच. तो आवाज माहा हाय. दूध उतू गेलं म्हणणारा तेवढाच नाई. सगळा.

माहे बाबा चांदूर रेल्वेचे. त्यायचं भजनी मंडळ होतं, मी त्यायच्या मांडीवर बसून गाऊ लागली. मोझरीच्या आश्रमात मी भजन म्हटलं तं लोक वळून पाहायचे. लग्न होऊन अकोल्याले आली अन् पह्यल्याच आठवड्यात तुहे आजोबा, रामराव, म्हणाले, या घरातल्या बाया गात नाईत. ते ओरडून बोलले नाईत. पाणी मागावं तसं बोलले. मंग मी झाडताना गुणगुणायची, तेबी खालच्या आवाजात.

जमुनाबाई आल्या त्या खंडव्याच्या छोट्या गाडीनं. एक कार्यक्रम झाला, दुसऱ्या दिवशी ताप भरला. तिसऱ्या दिवशी मी खोली झाडून राहिली होती, तं बाई अंथरुणातून म्हणाल्या, 'काय म्हणतेस ते मोठ्यानं म्हण.' मी घाबरली. त्यायनं मले खाटेजवळ बसवलं. रोज दुपारी सासरे निजले का दार लोटून तास दोन तास. पूर्ण नऊ दिवसांत एकच चीज शिकवली, मुलतानीतली. मी म्हटलं, अजून एखादी द्या. तं म्हणाल्या, 'नाही. हीच घे. पण अशी घे की माझ्याकडे नाही उरली तरी चालेल.' ताप अंगात असताना त्या मले एक तान चाळीस चाळीस वेळा घ्याले लावायच्या. आवाज चढला का माह्या तोंडावर हात ठेवायच्या. त्या गेल्या. चार वर्षांनी त्या वारल्याचं पेपरात वाचलं.

पुढच्या वर्षी तुह्या मामानं यंत्र आणलं. एक दिवस सासरे बाळापूरले वावरात गेले होते. हे म्हणाले, 'माणिक, एकदाच म्हण. मी कोणाले दाखवत नाई.' मी गायली. किती मिनिटं ते तू मोजलंच असशीन. शेखर, इतलं चांगलं मी आधी कधी गायली नव्हती.

मंग दिवाळी आली. यायचे दोस्त बैठकीत बसले होते. यायले राहवलं नाई, लावली फीत. तेवढ्यात सासरे बाहेरून आले अन् खुर्चीवर बसले. गाणं संपलं. सासरे म्हणाले, 'कोण हाय ही बाई? चांगलं गाते.' मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. यायनं माह्याकडे पाह्यलं. मंग म्हणाले, 'जमुनाबाई. मागच्या वर्षी आल्या होत्या त्या.'

तुले खरं सांगतो, त्या घडीले माह्या जिवात जीव आला. मले वाटलं, वाचली मी. हे मी लपवत नाई.

पण एक दिवसाचं खोटं होतं ते तिथंच थांबलं नाई. दोस्तायनं दोस्तायले सांगतलं. वाशीमहून, यवतमाळहून लोक आयकाले येऊ लागले. यायनं डब्बीवर नाव लिहिलं, तारीख लिहिली. मी चहा करायची. एक जण रडत रडत म्हणाला, 'अशी बाई आता होणे नाई', अन् माह्याच हातून कप घेतला. लोक गेले का हे स्वयंपाकघरात येऊन म्हणायचे, 'आज चार जण रडले, माणिक.' यायले वाटे, हे कौतुक मी हिले देऊन राहिलो. माणूस वाईट नव्हता. पण समजत नव्हतं.

सासरे एकोणनव्वद साली गेले. तेरवीनंतर मी म्हटलं, आता सांगा लोकायले. हे म्हणाले, 'आता कसं सांगू? सोळा वर्षं सांगतलं ते? लोक म्हणतीन, किसनरावच्या बाकी फितीवरची नावंबी खोटीच असतीन.' मी पुन्हा तो विषय काढला नाई. ते 'पुन्हा एकदा गा' म्हणायचे, मी गायली नाई. भांडण झालं नाई. गाणं तेवढं बंद झालं.

आतापर्यंत हे खोटं माह्या अंगावर होतं, ते मी वागवलं. आता ते त्या पोरीच्या अंगावर जाऊन राहिलं. ती माहा आवाज आयकून आजी म्हणून रडीन. हे मले सहन होत नाई. तिले लिही, ती फीत तिच्या आजीची नाई.

मामी

-

अमरावती,
७ जानेवारी

तीर्थस्वरूप मामीस,

तुमचं पत्र वाचून मी उठून दार लावून घेतलं. घरात मी एकटाच असूनही. याहून जास्त काय वाटलं ते लिहिता येत नाही.

पण मामी, थोडा विचार करू. उद्घाटनाला बारा दिवस आहेत. दीडशे लोकांना निमंत्रणं गेली. निमंत्रणावर त्याच फितीचं नाव छापलं आहे. आता सांगितलं तर लोक मामांना काय म्हणतील? पहिला प्रश्न तोच येईल जो मामांना पडला होता: एका डब्बीवरचं नाव खोटं, तर बाकीच्या सत्त्याऐंशींचं काय? मी आठ कपाटं लावली आहेत, प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली आहे. सगळ्या चिठ्ठ्या मामांच्या वहीवरून घेतल्या आहेत. आणि कुलदीप? त्याचे वडील जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

मला असं सुचतं. पौर्णिमाबाईंना मी लिहितो की फीत खराब निघाली, आवाज येत नाही. पेटीत नुसती डब्बी ठेवू. कोणाचं काही बिघडणार नाही. खोटंही पुढे जाणार नाही. सगळं शांत झालं की, वर्षा दोन वर्षांनी, तुम्ही म्हणाल तसं करू.

तुमच्या होकाराची वाट पाहतो.

शेखर

-

अकोला,
१० जानेवारी

शेखर,

'लोक काय म्हणतीन, बाकीच्या फितीचं काय.' हेच तुहे मामा म्हणाले होते. तू त्यायच्यावर गेला हे मले आज समजलं.

मी पंचाहत्तर वर्षांची हाओ. वर्षा दोन वर्षांनी मी राहीन का नाई हे तू कशावरून ठरवलं?

पोरीले काही लिहू नोको. खोटं बी नोको अन् खरं बी नोको. चिठ्ठीवर वाचाची गोष्ट नाई ही. तिले येऊ दे. मी शनिवारच्या गाडीनं येऊन राहिली. कुलदीपले मी आज जेवताना सांगतलं. तो ताटावरून उठून गेला. जाऊ दे.

फीत तुटू देऊ नोको.

माणिक

-

अमरावती,
२२ जानेवारी

तीर्थस्वरूप मामीस साष्टांग नमस्कार.

कुलदीप तुम्हाला कार्यक्रम संपायच्या आत गाडीत बसवून घेऊन गेला. त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत नाही. आधी एक काम. तुम्ही उभ्या राहून जे बोललात ते मी लगेच वहीत उतरवून घेतलं. चुकलं असेल तर कळवा:

'माहं नाव माणिक. ही फीत जमुनाबाईची नाई, माही हाय. जमुनाबाईनं मले हे शिकवलं, त्यायचा आवाज कोणाजवळच नाई. माह्या मालकानं नाव बदललं अन् मी चूप राहिली, तं दोघायचीबी चूक हाय. आता लाव रे शेखर.'

मी लावली. यंत्रात अडकवताना फीत दोनदा निसटली. तुम्ही मागच्या ओसरीवर निघून गेलात. लोक एकमेकांकडे बघत होते. पहिल्या रांगेतले दोघे उठून गेले. त्यातले एक म्हणाले, 'हे घरात सांगायचं होतं, इथे कशाला?' कुलदीप भिंतीला टेकून उभा होता, त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. मग मुलतानी रंगत गेला आणि लोकांनी एकमेकांकडे बघणं सोडून दिलं. संपल्यावर मी बटण दाबलं नाही. दूध उतू गेलं तिथपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी हसलं.

मामांचे ते बाळापूरचे मित्र, काठी घेऊन आले होते ते, सगळे गेल्यावरही बसून होते. म्हणाले, 'शेखर, मी त्या घरात वीस वेळा तरी हे ऐकलं. वैनी दर वेळी समोर होत्या.' मी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

बाकीच्या सत्त्याऐंशी फितींबद्दल दोघांनी विचारलंच. मी सांगितलं, सगळ्या पुन्हा शेवटपर्यंत ऐकीन आणि खात्री नसेल तिथे 'नाव नक्की नाही' असं लिहीन. वर्ष लागेल. लागू दे. तुम्हाला मी ७ तारखेला जे पत्र लिहिलं ते फाडून टाका अशी विनंती आहे. मात्र ते मी लिहिलं होतं हे मी विसरणार नाही.

पौर्णिमाबाई सकाळी स्वयंपाकघरात तुमच्यासोबत तासभर होत्या. बाहेर आल्या त्या सरळ पिशवी घेऊन फाटकाकडे गेल्या. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. आत काय झालं?

पेटी सध्या रिकामी ठेवली आहे. चिठ्ठीवर काय लिहू तेही कळवा.

शेखर

-

अकोला,
६ फेब्रुवारी

चि. शेखर यास अनेक आशीर्वाद.

तुहं सात तारखेचं पत्र फाडलं नाई. राहू दे. भेऊन लिहिलेलं होतं, वाईट मनानं नव्हतं.

तू विचारलं, आत काय झालं. मी तिले सगळं सांगतलं, तुले लिहिलं तसंच. ती पिशवी मांडीवर धरून आयकत होती. शेवटी इतलंच विचारलं, 'आजी जिवंत असताना तुम्ही तिला कळवलं होतं?' मी म्हटलं, नाई. ती म्हणाली, 'महिनाभर मी आईच्या फोटोपुढे दिवा लावून सांगत होते, आवाज सापडला म्हणून. आता तिला काय सांगू?' मी तिचा हात धराले गेली, तिनं हात काढून घेतला. बरोबर केलं. मीबी काढला असता.

कुलदीप बारा दिवस माह्याशी बोलला नाई. जेवण वाढलं का जेवायचा, दुकानात जायचा. तेराव्या दिवशी चहा घेऊन माह्यासमोर बसला. म्हणे, 'बाबा मले लहानपणी मांडीवर बसवून ती फीत आयकवायचे. तू तिथंच असायची. मी तुले विचारायचो, आई, तुले येते का असं गाणं? तू म्हणायची, नाई.' इतलं बोलला अन् लेकरासारखा रडला. मले वाटत होतं, तो बापासाठी रागावला. तो माह्यासाठी रागावला होता, बापावर अन् माह्यावरबी. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत बसली. चहा थंडा झाला.

परवा बुऱ्हाणपूरहून पत्र आलं. तुले उतरवून पाठवतो, ती पद्धत मी तुह्याकडूनच शिकली:

'माणिकबाई, मी अजून रागावलेली आहे. तो राग जाईल असं मी म्हणत नाही. पण घरी आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझ्या आजीजवळ नऊ दिवस बसलेलं जिवंत माणूस आता तुमच्याशिवाय कोणी नाही. तिने तुमच्या तोंडावर हात ठेवला असं तुम्ही म्हणालात. मला तेवढं सांगा, कोणता हात, कसा ठेवायची, तान चुकली की काय म्हणायची. आणि ती चीज तुम्हाला अजून येत असेल तर मला ती शिकायची आहे. मला फार गाता येत नाही. तरी शिकायची आहे. मी मंगळवारी येऊ का?'

मी ये म्हणून कळवलं. कुलदीप तिले आणाले स्टेशनवर जाणार हाय, तो आपणहून म्हणाला.

पेटीतल्या चिठ्ठीवर असं लिही: वर शिकवणारीचं नाव, जमुनाबाई खंडवेकर. खाली गाणारीचं, माणिक. महिना लिहू नोको, मले नक्की आठवत नाई, १९७३ लिही. पाटीवर तुह्या मामाचं नाव राहू दे. दोन हजार रेकॉर्डी त्यायनंच जमवल्या, तो मान त्यायचा हाय. पण चिठ्ठीवर आम्हा दोघींच्या मधात कोणाचं नाव लिहू नोको.

चार दिवसांपासून मी सकाळी बैठकीत बसून सूर लावून पाहून राहिली. दार उघडंच ठेवतो. पन्नास वर्षांनी गळा काय राहणार? वरचा सा लागत नाई, तुटते. खालचा लागते, खालचा नी बी लागते. मुलतानी तसाही खालच्या नीपासूनच उठते. पोरीले तिथून सुरुवात करून देतो, पुढचं ती पाहीन.

तुही मामी,
माणिक